मोतीबिंदूच्या ट्रेमधले काय टाकावे आणि काय राखावे
(नेत्रशल्यचिकित्सक, थिएटर परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सहकारी मित्रांनो, आणि मागच्या रांगांमध्ये बसलेल्या थिएटरच्या सिस्टर व तंत्रज्ञ मंडळींनो,

मोतीबिंदू आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) यांच्या शस्त्रक्रियेत कोणते उपकरण एकदा वापरून टाकावे आणि कोणते धुऊन पुन्हा वापरावे, याचा एक सुटसुटीत नियम मी आज मांडावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. तो नियम मी मांडणार आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी, कारण तो नियम तिच्यातूनच आलेला आहे. आपल्या थिएटरांमध्ये टाकायची वस्तू राखली जाते आणि राखायची वस्तू टाकली जाते. ज्याच्या पाकिटावर वर्तुळातला काट मारलेला दोनचा आकडा, म्हणजे ‘पुन्हा वापरू नये’ अशी खूण, स्पष्ट छापलेली असते ते किराटोम, म्हणजे कॉर्नियाला छेद घेणारे पाते, धार जाईपर्यंत ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, फिरत राहते. आणि त्याच थिएटरात पापण्या उघड्या ठेवणारे स्पेक्युलम, जे स्टीलचे घेतले आणि नीट सांभाळले तर शल्यचिकित्सकाच्या कारकिर्दीलाही पुरून उरते, ते रोज नव्या पाकिटातून प्लास्टिकचे काढले जाते. पहिल्या गोष्टीला आपण काटकसर म्हणतो आणि दुसरीला आधुनिकता. माझ्या मते दोन्ही ठिकाणी आपण उपकरणाकडे न पाहता त्याच्या किमतीकडे आणि पाकिटाकडे पाहिलेले असते.

पात्यापासून सुरुवात करू. फेकोसाठी, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, आपण साधारण २.८ मिलिमीटर रुंदीचा छेद घेतो आणि तो टाक्याशिवाय मिटावा अशी अपेक्षा धरतो. तो मिटतो, कारण छेद सरळ आरपार नसतो. कॉर्नियाच्या थरांतून तो बोगद्यासारखा तिरका जातो आणि डोळ्याच्या आतल्या दाबाने त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर बसतात. कॉर्नियाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एवढ्याशा जागेत बोगद्याची लांबी आणि पातळी अचूक राखायची तर पाते ऊतीत आपल्या धारेने शिरले पाहिजे, हाताच्या जोराने नव्हे. बोथट पात्याला ढकलावे लागते. ढकलले की डोळा फिरतो, पाते अकस्मात आत शिरते, बोगदा तोकडा पडतो आणि कधी कधी आतला डेसिमेट पडदा कडेशी सुटतो. असा छेद वरून मिटल्यासारखा दिसतो, परंतु रुग्णाने घरी जाऊन डोळा दाबला की त्यातून पाझर होऊ शकतो, आणि जेथून पाणी बाहेर येते तेथून जंतूही आत जाऊ शकतात. वाफेने पाते निर्जंतुक होते, धारदार होत नाही. उलट प्रत्येक धुण्यात आणि ट्रेमध्ये धातूवर धातू आपटण्यात त्याची धार थोडी थोडी जातच असते. हिऱ्याच्या सुरीची गोष्ट वेगळी आहे, ती वर्षानुवर्षे चालते. परंतु तिची कड एकदा उडाली की ती दुरुस्तीला पाठवावी लागते, आणि तिला जपून धुणारा हात प्रत्येक थिएटरात असतोच असे नाही.

येथे उपस्थित असलेल्या तरुण डॉक्टरांना सांगावेसे वाटते की, एकदाच वापरायचे उपकरण परदेशी कंपन्यांच्या चकचकीत पाकिटांतूनच आपल्याकडे आले असे समजण्याचे कारण नाही. लेन्सच्या पुढच्या आवरणाला गोल छेद घेण्यासाठी सव्वीस नंबरची साधी सुई टोकाशी वाकवून आपण सिस्टिटोम तयार करतो, ते वापरतो आणि सुयांच्या डब्यात टाकतो. त्याबद्दल कोणत्याही हिशेबनिसाने कधी हरकत घेतलेली नाही. अशा वस्तू लाखोंच्या संख्येने बंद पाकिटातच निर्जंतुक करण्याची सोय देशात झाली, त्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. १९७४ पासून तेथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जात आहे. किरण पाकीट न उघडता आरपार जातात आणि उष्णता जवळजवळ निर्माण करत नाहीत. म्हणून जी प्लास्टिकची मूठ १३४ अंशांच्या वाफेत वाकडी होईल तिचेही पाते सुरक्षितपणे निर्जंतुक करता येते. वापरलेले पाते पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घालणाऱ्याने निदान हे ध्यानात घ्यावे की ती मूठ त्या वाफेसाठी बनवलेलीच नसते.

आता ज्या प्रसंगामुळे या विषयाने माझा पिच्छा पुरवला, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय रुग्णालयाने मला तातडीने बोलावून घेतले. आदल्या दिवशीच्या यादीतील निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पट्ट्या सकाळी उघडल्या तेव्हा कॉर्निया एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धूसर झालेला होता. रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात जमले होते, शल्यचिकित्सक बिचारे पांढरेफटक पडले होते आणि जंतुसंसर्ग झाला असे गृहीत धरून थिएटर बंद करण्याची तयारी चालली होती. मी एकेक डोळा स्लिट लॅम्पवर पाहिला. दुखणे फारसे नव्हते, मागच्या जेलीत पू नव्हता, आणि सारे २४ तासांच्या आत घडले होते. एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग, सहसा दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा, वेदनेसह दिसतो. त्यामुळे हा संसर्ग नसून विषारी द्रव्याने आलेली सूज, म्हणजे आपण ज्याला टास म्हणतो तो प्रकार असावा, असे मला वाटले. नमुन्यांत जंतू सापडले नाहीत आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी बहुतेक डोळे निवळत गेले.

सूज का आली, हे शोधण्यासाठी मी थिएटरात न जाता धुण्याच्या टेबलापाशी गेलो आणि तेथल्या मावशींना म्हटले, ‘मावशी, रोज जसे धुता तसेच आज धुऊन दाखवा.’ त्यांनी मोठ्या निगुतीने दाखवले. उपकरणे आली की ती एका घमेल्यात पडून राहत, कारण पुढच्या रुग्णाचा ट्रे लावण्याची घाई असे. यादी संपल्यावर ती सगळी एकत्र एन्झाइमच्या द्रावणात जात, तेथून अल्ट्रासोनिक यंत्रात, आणि त्या यंत्रातले पाणी दिवसभर तेच असे. व्हिस्को, म्हणजे शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात तो चिकट जेल, सोडण्याच्या सत्तावीस नंबरच्या नळ्याही त्यातच. या नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर आणि आतले भोक सुमारे ०.२ मिलिमीटर असते. दूध आटलेले भांडे वेळीच भिजत घातले नाही तर ते घासताना काय होते, हे घरात भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. व्हिस्को त्या ०.२ मिलिमीटरच्या भोकात तसेच वाळते, आणि तेथे घासणी जात नाही. मी एका निर्जंतुक झालेल्या नळीतून स्वच्छ पाणी काचपट्टीवर सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काचेवर साबणाचा पातळ थर आणि वाळलेल्या व्हिस्कोचे कण दिसत होते.

या नळीचा ऑटोक्लेव्हचा कागद पूर्ण होता. रासायनिक पट्टीचा रंग बदललेला होता, जैविक चाचणीही उत्तीर्ण होती. यंत्राने आपले काम चोख केले होते: जंतू मेले होते. परंतु ऑटोक्लेव्ह मारतो, धूत नाही. जंतूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन नेहमीच्या वाफेला दाद देत नाही, एन्झाइमचे अवशेषही नळीतच राहतात, आणि पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात आपण हे सारे नेमके कॉर्नियाच्या आतल्या पेशींच्या थरावर सोडतो. त्या पेशी तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच ते तीन हजार असतात. गेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, आणि त्या फार घटल्या तर कॉर्नियाला कायमची सूज येते. त्या रुग्णालयातील एका आजींचा कॉर्निया निवळला नाही आणि पुढे त्यांना कॉर्निया रोपणाच्या यादीत नाव घालावे लागले. मोतीबिंदू काढायला आलेल्या बाईला दुसऱ्याच्या नेत्रदानाची वाट पाहावी लागली, ती एका नळीमुळे. यात मावशींचा दोष नव्हता. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते आणि पुरेशा नळ्याही दिल्या नव्हत्या. तेथे दोन गोष्टी बदलल्या गेल्या: व्हिस्कोच्या नळ्या एकदा वापरून टाकायच्या, आणि बाकीच्या सर्व पोकळ उपकरणांतून, डोळ्यातून बाहेर आल्याच्या क्षणी, टेबलावरच, भरपूर निर्जंतुक पाणी जोराने सोडायचे. एन्झाइमचे द्रावणही बंद करण्यात आले, कारण डोळ्याच्या उपकरणांवर रक्तमांस फारसे नसते आणि लगेच धुतली तर बहुधा त्यांना त्याची गरज पडत नाही.

मग कोणी म्हणेल, सगळेच टाकून द्यावे, म्हणजे प्रश्नच मिटला. इंग्लंडने एकदा तसे करून पाहिले आहे, आणि ते आपल्याला माहीत असायला हवे. कॉर्निया रोपणातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार संक्रमित झाल्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजार दात्याच्या ऊतीतून आला होता, उपकरणातून नव्हे. मात्र १९७७ मध्ये मेंदूत वापरलेल्या विद्युतअग्रांतून तो दोन रुग्णांना झाल्याचेही नोंदले गेले, आणि त्याला कारणीभूत असलेली प्रायॉन नावाची प्रथिने नेहमीच्या वाफेने निष्प्रभ होत नाहीत. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये या आजाराचा नवा प्रकार आढळल्यावर तेथे भीती पसरली, आणि जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधील टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांसाठी एकदाच वापरायची उपकरणे सक्तीची झाली. त्या वर्षभरात रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि डिसेंबरमध्ये सक्ती मागे घेऊन जुनी उपकरणे पुन्हा आणली गेली. न दिसणारा धोका टाळायला गेलेली व्यवस्था निकृष्ट घडणीच्या चिमट्यांनी आणि उपकरणांनी दिसणारा धोका निर्माण करून बसली. आपल्या विषयात याचा अर्थ फार सरळ आहे. दहा-शून्य नायलॉनचा धागा ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. तो धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही जिभा टोकापासून पूर्ण लांबीभर मिटल्या पाहिजेत. साच्यातून ठोकून काढलेला स्वस्त चिमटा तसा मिटत नाही. धागा निसटतो, शल्यचिकित्सक पुन्हा पकडतो, आणि रोपण केलेला कॉर्निया प्रत्येक पकडीत चुरगळतो.

दुसरी बाजू आपल्याच देशात, तमिळनाडूत दिसते. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केले आणि १९९२ पासून त्यांच्या ऑरोलॅबमध्ये लेन्स व इतर साहित्य स्वस्तात बनते. तेथे उपकरणांचे संच कमी वेळाच्या वाफेच्या चक्राने निर्जंतुक करून रुग्णामागून रुग्ण वापरले जातात. पाश्चात्त्य देशांत हे ऐकून भुवया उंचावतात. परंतु तेथील ६ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदींत एंडोफ्थॅल्मायटिसचे प्रमाण ०.०७ टक्के होते आणि डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडू लागल्यावर ते ०.०२ टक्क्यांवर आले. तेथील एका फेकोमागे सुमारे पाव किलो कचरा आणि ६ किलोच्या आसपास कार्बन उत्सर्जन होते. ब्रिटनमधील एका रुग्णालयात तेच उत्सर्जन १८० किलोच्या घरात मोजले गेले होते. दोन्ही मोजणींच्या पद्धती सारख्या नाहीत, तरीही एवढी तफावत केवळ पद्धतीने भरून निघत नाही. मात्र कोणी अरविंदचे नाव घेऊन बोथट पाती चालवू लागले तर मला वाईट वाटते. तेथे धुण्याचे काम प्रशिक्षित मुली शिस्तीने करतात आणि प्रत्येक संसर्गाची नोंद ठेवली जाते. आपण त्यांचा पुनर्वापर तेवढा उचलतो आणि नोंदवही तेथेच सोडून येतो.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी मला बोलावले तो नियम आता घाईने सांगतो. उपकरण हातात घेऊन त्याच्याविषयी तीन गोष्टी पाहाव्यात: ते कापते का, ते पोकळ आहे का, ते केवळ धरते का. जे कापते ते, हिरा वगळता, एका डोळ्यासाठी एकदाच: किराटोम, बाजूचा छोटा छेद घेणारे साइडपोर्टचे पाते, बोगदा करणारे क्रेसेंट पाते. परवडत नसेल तर इतर ठिकाणी बचत करावी, येथे नाही. जे पोकळ आहे त्यात बारीक नळ्या टाकाव्यात. सिमको कॅन्युला (द्रव सोडणारी आणि ओढणारी दुहेरी नळी), फेकोचे हँडपीस आणि रुंद भोकाच्या वस्तू राखाव्यात, परंतु त्या टेबलावरच धुतल्या जाणार असतील तरच. जे केवळ धरते, टेकवते किंवा उघडे ठेवते, म्हणजे चिमटे, सुईधारक, स्पेक्युलम, चॉपर, ते उत्तम धातूचे घ्यावे, जपून वापरावे आणि एकदाच वापरायच्या प्रतीचा मोह धरू नये. रेटिना आणि दृष्टिनाडी यांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या मोजाव्यात, कारण प्रायॉनच्या दृष्टीने तो भाग अधिक जोखमीचा मानला जातो. टाकलेली पाती पांढऱ्या, टोकाने भोक न पडणाऱ्या डब्यात आणि नळ्यांचे प्लास्टिक लाल पिशवीत जावे, हे २०१६ च्या नियमांत आहेच.

कॉर्नियाबद्दल शेवटचे, आणि ते मला मनापासून महत्त्वाचे वाटते. रोपणासाठी रुग्णाचा कॉर्निया गोल कापणारे ट्रेफाइन आणि दात्याचा कॉर्निया कापणारा पंच हे दोन्ही कापणाऱ्या वर्गात येतात. दात्याची चकती बहुधा रुग्णाच्या छेदापेक्षा पाव मिलिमीटर मोठी घेतात. म्हणजे साऱ्या गणिताला एवढाच वाव असतो. बोथट ट्रेफाइनने कड तिरकी किंवा दातेरी झाली तर टाके कितीही सुबक घाला, रुग्णाला वर्षानंतरही तिरक्या नंबराचा चष्मा राहतो. एका कुटुंबाने दुःखाच्या वेळी दिलेली ही ऊती असते आणि ती दुसऱ्यांदा मिळत नाही. येथे जे रुग्णालयांचे प्रशासक बसले आहेत त्यांनी पुढच्या खरेदीच्या यादीत प्रत्येक रोपणासाठी एक नवे ट्रेफाइन, प्रत्येक डोळ्यासाठी एक नवे किराटोम आणि त्यापुढे धुण्याच्या टेबलासाठी एका पूर्णवेळ, शिकवलेल्या व्यक्तीचा पगार धरावा. स्पेक्युलमच्या प्लास्टिक पाकिटांचे वाचलेले पैसे त्या पगाराकडे वळवावेत.