सवलत गाडीत चढल्यावर मिळते

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आधी माझीच एक चूक सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचो. पहिला तास साडेसातला. मी शिस्तीचा माणूस, सात पस्तीसला दाराला आतून कडी. सव्वाआठच्या सुमाराला बाहेर चपलांचा आवाज यायचा, थोडी कुजबुज, मग सगळं गप्प. त्या मुली व्हरांड्यात बसून दुसऱ्या तासाची वाट बघायच्या. वर्षअखेरीला त्यांच्या नावापुढे मी शेरा मारायचो, हजेरी अपुरी. दोन वर्षं हे चाललं. एक दिवस माझी स्कूटर बंद पडली, मी स्टँडवरून चालत निघालो, तर समोर एक गाडी लागली आणि तिच्यातून माझा निम्मा वर्ग उतरला. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांच्या बाजूनं येणारी दिवसातली पहिली गाडी तीच. तिच्या आधीची गाडी नव्हतीच! आणि मी मात्र कडी लावून मागणी-पुरवठा शिकवत होतो.

आजचा विषय सार्वजनिक वाहतूक आणि सामाजिक समावेश असा छापलाय. जड वाटतो खरा. हलका करायला आपण चाळीसगावला जाऊ.

१९२९ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले होते. स्टेशनवरून वस्तीवर जायला टांगा हवा होता. टांगेवाले टांगा भाड्यानं द्यायला तयार, पण हाकायला तयार नाहीत. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शेवटी वस्तीतल्याच, सवय नसलेल्या एका माणसानं लगाम धरला. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, खिशात पैसे असलेला, आणि अडला कुठं, तर शेवटच्या थोड्याशा अंतरावर.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. मला विचाराल तर तिचं मोठेपण एवढंच, की टांगेवाल्याला नाही म्हणायची मुभा होती, कंडक्टरला ती राहिली नाही. पैसे दिले, तिकीट फाटलं, माणूस बसला. गावात ज्याच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नाही, त्याच्याच शेजारी बाकावर. कुणी नाक मुरडलं असेल, कुणी अंग चोरलं असेल. पण ‘उतर’ म्हणायचा हक्क कुणाकडे उरला नाही.

आता सवलतींकडे येऊ. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्यांना त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोफत प्रवास मिळाला होता. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. मानव विकास या सरकारी कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी धावू लागल्या. या सगळ्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. २०१५ साली लातूर जिल्ह्यातल्या एका शिकत्या मुलीनं जीव दिला होता, आणि तिची अडचण होती २६० रुपयांच्या पासाची. म्हणून सवलत हवीच. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. गाडीच नसेल तर अर्धं कशाचं करणार?

आणि गाडी बंद कशी होते, ते बघण्यासारखं आहे. भारमान नावाचा एक शब्द आहे. गाडीतल्या किती जागा भरल्या, त्याचा हिशोब. समजा, कॉलेज सुटतं साडेबाराला आणि फेरी आहे बाराची. गाडी रिकामी जाते. पोरं तासभर थांबतात, मग काळीपिवळीत कोंबून घेतात, टपावरसुद्धा. तिमाही सरते, भारमान कमी दिसतं, फेरी बंद. कागदावर सगळं बरोबर. प्रवासी नव्हते म्हणून गाडी बंद केली, असंच तिथं लिहिलेलं असतं. रस्त्यावर किती जण उभे राहिले याचा रकाना त्या कागदात नाही. पेट्रोल परवडणाऱ्यांनी मोटारसायकल घेतली, ती बहुधा मुलाला मिळाली. मुलीसाठी घरात निराळा हिशोब निघाला.

तांड्यांचं आणखी अवघड. गाडी गावात येते, फार तर फाट्यावर थांबते. तांडा तिथून आत दोन-तीन किलोमीटर. दिवाळीनंतर सहा वाजता अंधार पडतो. शेवटची गाडी साडेसहाला फाट्यावर सोडत असेल, तर ते दोन किलोमीटर कोण चालणार, कुणाबरोबर चालणार, हे आई आधी विचारते. त्यानंतरच प्रवेशाचा अर्ज भरायचा की नाही ते ठरतं. २०२१-२२ च्या हिवाळ्यात संप लांबला, महिनोन्महिने गाड्या उभ्या राहिल्या. जीपचं भाडं भरून वर्गात आलेल्यांत मुलगे जास्त होते. त्या वर्षी मी कडी लावत नव्हतो, तरी बाकं रिकामीच.

मुक्कामी गाडीबद्दल मात्र मी कितीही वेळ बोलेन. रात्री गावात येते, देवळाजवळ उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. गावाच्या दृष्टीनं ती म्हणजे सकाळची हमी. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाचा डबा याच गाडीनं जातो. कापडात बांधलेला, गाठीत चिठ्ठी खोचलेली, चिठ्ठीवर नाव. आई दाराशी उभी राहून ड्रायव्हरला सांगते, “दादा, आडवा करू नका, कालवण हाय.” मुलगा स्टँडवर कालचा रिकामा डबा घेऊन थांबलेला. हे काही कुठल्या योजनेत बसत नाही, त्याचा शासन निर्णय निघालेला नाही. मुक्कामी गाडी गेली की डबाही गेला. मग खानावळीचे पैसे आले, आणि पैसे आले की पुन्हा तोच प्रश्न, मुलगा-मुलगी दोघांपैकी कुणाला शिकवायचं.

माझा पहिला तास पुढं साडेआठला गेला. त्यासाठी मला दोन सत्रं भांडावं लागलं, कारण उरलेल्या प्राध्यापकांना दुपारी लवकर मोकळं व्हायचं होतं. माझंही घर कॉलेजच्या मागंच, मला तरी काय त्रास होता?

जाता जाता तुमच्या पत्रिकेबद्दल बोलतो, रागावू नका. वेळ छापलीय सायंकाळी साडेसहा. आपल्या स्टँडवरून खेड्याकडची शेवटची गाडी पावणेसातला सुटते, मी येताना फलक वाचून आलो. सचिवांना म्हटलं, दुपारी तीनला ठेवलं असतं तर? ते म्हणाले, “सर, तीनला गावातलं कोणी येत नाही, दुकानं उघडी असतात.”