"काम करणार का?" "नाही."

(अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा फार ताणत नाही.

माझ्या मुलीच्या वेळी, 2009 साली, आई सांगलीहून आली. इथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "कशाला आलात?" "नातीला बघायला." "काम करणार का?" "नाही." सहा महिन्यांचा शिक्का बसला. उत्तरं मीच फोनवर पढवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आई पहाटे साडेचारला उठली. बाळाची मालिश, अंघोळ, मग धुरी. शेगडी कुठली मिळायला! तिनं तापल्या तव्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं. क्षणात स्मोक अलार्म कोकलायला लागला, अख्ख्या मजल्याची दारं उघडली, आणि आई खुर्चीवर उभी राहून पदरानं छताला वारा घालतेय! पुढे धुरी बंद झाली, बाकी सगळं चालू राहिलं. अळिवाचे लाडू, माझी पाठ शेकणं, रात्री दोनला बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या. तळघरातल्या मशीनवर दुपटी धुवायला ती क्वार्टरची नाणी साठवायची, तेही हळदीकुंकवाच्या करंड्यात.

मी समाजशास्त्र शिकवते. वर्गात श्रमाच्या व्याख्येवर तास घ्यायचे आणि घरी आईला "अगं, जरा बस ना" म्हणायचे. तेवढंच.

आईची सहा महिन्यांची मुदत संपली त्याच आठवड्यात सासूबाई उतरल्या. इथे बसलेल्या निम्म्या घरांत ही बदली झालेली आहे, हसू नका. अमेरिकेत 1993 च्या कायद्यानं 12 आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीच. भारतात 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी आहे, अर्थात नोकरी त्या कायद्यात बसत असेल तर. मधली फट आपल्या आया भरून काढतात, स्वतःच्या गुडघ्यांवर.

आणि सांगलीचं काय? बाबांची पथ्यं आणि माझ्या आजीचं औषधपाणी वहिनीच्या अंगावर पडलं. वहिनीला झेपेना म्हणून पोळ्यांच्या मावशी संध्याकाळीही यायला लागल्या. एवढ्या बायकांत पैसे मिळाले ते फक्त मावशींना, तेही बेताचेच.

भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली 289 मिनिटं, पुरुषांची 88. हे 88 सुद्धा कामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत! मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं पुन्हा वेगळं मोजलंय.

जानेवारी 2021 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात 2011 च्या जनगणनेचा आकडा दिला. घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका जवळजवळ 16 कोटी, पुरुष 58 लाख. गृहिणीच्या कामाला पैशात किंमत आहे, असं न्यायालयानं त्यात बजावलं. चांगलंच झालं. पण खटला अपघातातल्या नुकसानभरपाईचा होता. म्हणजे बाई गेल्यावर तिच्या कामाचा हिशेब मांडला गेला.

आई अधिकाऱ्याशी खोटं बोलली का, असं मला कुणीतरी विचारलं होतं. मला नाही वाटत. तिला मनापासून वाटत होतं की आपण काम करत नाही. परत जाताना तिनं चाळीस पुरणपोळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, चार-चारची पाकिटं, प्रत्येकावर तिच्या अक्षरात तारीख. शेवटचं पाकीट मी कितीतरी दिवस उघडलंच नाही.

आता जरा घरचंच बोलते. आपल्या मंडळाचा गेल्या वर्षीचा अहवाल मी काल काढून वाचला. गणपतीची मंच-सजावट: चार नावं. ध्वनिव्यवस्था: दोन नावं. प्रायोजक: एक पूर्ण पान, रंगीत. सातशे उकडीचे मोदक: "सर्व महिला भगिनींचे आभार." त्या भगिनींत पाहुण्या आलेल्या तीन आज्या होत्या, त्यातल्या एकीनं एकटीनं दोनशे वळले. त्यांचं नाव मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

यंदाचा अहवाल छापायला जायला दोन आठवडे आहेत. चिटणीसांशी बोलणं झालंय, पान मोकळं ठेवलंय. आत स्वयंपाकघरात आज कोण कोण आहे, ते जेवायला बसण्याआधी मला लिहून द्या.