भाकरीची सोबत

नमस्कार श्रोतेहो. रविवारी सिंहगड चढून गेलेल्या पुणेकराला वर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही हवंच असतं. खाली उतरला की भाकरीची आठवण होते ती डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यावर!

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्यानंतर ज्वारी-बाजरी औषधाच्या थाटात विकली जाऊ लागली. मला हे फारसं रुचत नाही. ज्वारीत चोथा चांगला असतो, पण पिष्टही असतंच. मधुमेह आहे म्हणून चार भाकऱ्या हाणल्या तर साखर वाढणारच.

खरी करामत आहे ताटातल्या सोबतीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो. ती उणीव पिठल्यातलं बेसन किंवा मटकीची उसळ भरून काढते. बाजरीत लोह आहे, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून लिंबाची फोड बाजूला सारू नका. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तो हेच लोह अडवतो. (पुण्यात हे सांगणं धाडसाचंच!) कोरडवाहू मुलखात जे पिकलं त्यातूनच हे ताट जमत गेलं.

भोगीचंच बघा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडईत वांगी, गाजरं, पावटा, सोलाणे, बोरं यांची रास लागते. सगळं एका कढईत, वर तिळाचं कूट, जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. थंडीत अंगाला स्निग्ध हवं असतं, ते इथं मिळतं. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं जुनी माणसं उगीच म्हणत नव्हती.

भाकरी थापायला जमत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ गव्हासारखं धरून राहत नाही. गरम पाणी घाला, तळहाताच्या मुळानं रगडून मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटा. तरीही कडा चिरल्या तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली समजा. तेव्हा गिरणीतून दळण थोडं थोडंच आणा. बाजरीचं तर फारच थोडं, कारण ते पीठ लवकर कडवट होतं.