एकशेवीस मीटर, पण कुठून?

(नाशिकमध्ये हौशी छायाचित्रकारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत येताना एका मुलाने मला जिन्यातच गाठलं. "काका, नॅनो ड्रोन पन्नास फुटांच्या वर नेता येत नाही ना?" म्हटलं, बस आत, तिथेच सांगतो. तर तिथूनच सुरुवात करू.

नेता येत नव्हता, हे खरं. १२ मार्च २०२१ ला जे नियम निघाले, त्यांत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, म्हणजे नॅनोला, १५ मीटर उंची आणि चालवणाऱ्यापासून १०० मीटर अंतर अशी चौकट होती. त्यापलीकडे जाऊ शकणारं यंत्र वरच्या वर्गात धरायचे. दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला ६० मीटर, त्यावरच्या स्मॉलला १२०. पण २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन नियम २०२१' आले आणि ही सगळी चौकट मोडीत निघाली. जेमतेम साडेपाच महिने जगलेला नियम, पण लोकांच्या तोंडी अजून ठणठणीत आहे. लग्नाचं शूटिंग करणारी मुलंसुद्धा मला तोच ऐकवतात.

आज वजनावरून कागद ठरतात आणि उंची ठरते जागेवरून. कागदांचं चटकन उरकतो. नॅनोला आणि हौसेने उडवायच्या मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन मायक्रो उडवलात तर लागतं. नोंदणी करून ड्रोनचा ओळख क्रमांक मात्र घ्यायचा असतो, ड्रोन छोटा आहे म्हणून तो टाळू नका. आणि वजन खोक्यावर वाचू नका, तोला. मी घरातल्या पोहे-साखर मोजायच्या काट्यावर ठेवला होता. साध्या बॅटरीवर २४९ ग्रॅम, मोठी बॅटरी लावली की २९० च्या घरात. म्हणजे बॅटरी बदलली आणि माझा नॅनो स्वयंपाकघराच्या ओट्यावरच मायक्रो झाला.

आता उंची. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर जिथे परवानगीशिवाय उडवता येतं तिथे, ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. हा आकडा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की हे १२० मीटर मोजायचे कुठून?

नियमाची भाषा जमिनीवरच्या हवेची आहे. ड्रोनच्या खाली जी जमीन असेल तिथून वर. आणि तुमच्या हातातल्या पडद्यावर 'एच' लिहून जो आकडा दिसतो, तो काय मोजतो? ड्रोनच्या पोटात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. जिथून ड्रोन उडाला ती जागा शून्य धरून तो वरखाली मोजत राहतो. खाली शेत आहे, दरी आहे की विहीर आहे, त्याला पत्ता नसतो. हॉलंडसारख्या सपाट देशात हे चालून जातं. पण आपण नाशिककर फोटो काढायला जातो कुठे? अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज. घरापासून तासाभरात कडा लागतो.

समजा तुम्ही दीडशे मीटरच्या कड्यावर उभे आहात. ड्रोन डोक्याएवढा उचलला आणि सरळ पुढे दरीवर नेला. पडद्यावर एच दोन मीटर. खालच्या वाडीच्या हिशेबाने मात्र ड्रोन १५२ मीटरवर आहे. एक बोटही वर न नेता तुम्ही मर्यादा ओलांडली. सेटिंगमध्ये कमाल उंची १२० करून ठेवली म्हणून निर्धास्त राहणारी माणसं इथेच फसतात, कारण ती १२० सुद्धा उड्डाणाच्या जागेपासूनच मोजलेली असते. उलटंही होतं. पायथ्याहून उतारालगत वर चढवत नेला, तर पडदा १२० वर अडवतो आणि खालची जमीन असते वीस मीटरवर. तेव्हा चिडून ती मर्यादा काढून टाकायचा मोह होतो. मला झाला होता.

पण चारशेच फूट का? साधारणपणे माणसं बसलेल्या विमानाने वस्तीबाहेरही जमिनीपासून पाचशे फुटांच्या खाली येऊ नये, असा दंडक आहे. ड्रोन चारशेच्या खाली ठेवला की मध्ये शंभर फुटांची मोकळी हवा उरते. तेवढीच. आणि उतरणारी, चढणारी, सराव करणारी विमानं पाचशेच्या खाली येतातच. नाशिकरोडच्या माणसाला हे समजवायला नको. गांधीनगरच्या विमानतळावर लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. गच्चीत पापड वाळत घातलेले असतात आणि वरून चेतक जातं. ओझरला तर लढाऊ विमानंच बनतात. मिग झाली, सुखोई झाली, १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने इथूनच उड्डाण केलं. देवळालीला तोफखान्याची शाळा. नोटांचा छापखाना आहे, एकलहऱ्याचं वीज केंद्र आहे. बाकी शहरांत लोक एका विमानतळाचं अंतर बघतात. आपल्याला चहूबाजूंनी बघावं लागतं.

ते अंतर कसं बघायचं? सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये रंगांचा नकाशा प्रसिद्ध केला. तोच उघडायचा, आणि त्याच दिवशी उघडायचा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फक्त ६० मीटर, म्हणजे २०० फूट. त्याच्या वर पिवळं क्षेत्र, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आठच्या आत आलात की पिवळं जमिनीपासूनच सुरू होतं, आणि पाचच्या आत लाल. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन पेटीतून काढायचाच नाही. यात 'हद्दीपासून' हा शब्द नीट ऐका. लोक गुगलवर ओझर विमानतळाची टाचणी बघतात आणि तिथून मोजतात. टाचणी असते इमारतीवर. विमानतळाची हद्द कुंपणाला संपते, आणि धावपट्टीच किलोमीटरांत मोजायची गोष्ट आहे. तुमचे साडेबारा किलोमीटर प्रत्यक्षात साडेदहा भरतात. आडगावचा मळा, दिंडोरीकडची द्राक्षबाग, निफाडचा बंगला, यांतलं काय कुठे बसतं ते आज घरी गेल्यावर मोजून पाहा. मी मुद्दाम सांगत नाही.

दंड एक लाखापर्यंत आहे. पण लष्करी जागेचे फोटो निघाले तर प्रकरण ड्रोन नियमांवर थांबत नाही, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून जिवंत आहे.

आता दुसरं अंतर, तुमच्यापासून ड्रोनपर्यंतचं. खोक्यावर लिहिलेलं असतं, दहा किलोमीटर. ती रेडिओची ताकद झाली. हौशी उड्डाणाचं माप एकच, ड्रोन स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. पडद्यात दिसला तर तो धरत नाहीत. पंखे पसरूनही माझा ड्रोन सव्वा वीत. दोनशे मीटरवर त्याचं तोंड कुठे नि शेपूट कुठे कळत नाही, तीनशेवर तो आभाळातला ठिपका होतो, आणि घार आली की कोणता ठिपका आपला याचीच पंचाईत.

हे मी शिकलो रामशेजला. आशेवाडीतून, पायथ्याहूनच उडवला. नकाशा पाहिला होता, वारा पाहिला होता, सगळं शहाण्यासारखं. मग गडाच्या मागच्या अंगाचं ऊन फार सुरेख पडलेलं दिसलं, म्हणून ड्रोन कड्याला वळसा घालून पलीकडे नेला. दिसेनासा झाला तरी पडद्यावर चित्र येत होतं, त्यामुळे हात थांबेना. आणि चित्र गोठलं. मध्ये अख्खा डोंगर, सिग्नल जाणारच. अशा वेळी ड्रोन आपणहून घरी निघतो. आधी ठरवून दिलेल्या उंचीवर येतो आणि नाकासमोर सरळ रेषेत परततो. मी दिलेली उंची होती चाळीस मीटर. तीही माझ्या पायांपासून. त्याच्या आणि माझ्यामध्ये रामशेज उभा. मोगलांच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा गड, तो माझ्या अडीचशे ग्रॅमला काय दाद देणार! (हशा) दोन दिवस झुडपं धुंडाळली. गावातल्या एका गुराख्याला एक पंखा सापडला, तो माझ्या टेबलावर आहे.

कोणाला लागलं नाही, हे माझं नशीब. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

नकाशा हिरवा असला म्हणजे सगळं हिरवं, असंही नाही. गर्दीच्या, बंदोबस्ताच्या दिवसांत एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करता येतो. शिवाय पोलिसांचे मनाईचे आदेश वेगळे. सिंहस्थात हे दोन्ही गृहीतच धरा. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, नांदूर मध्यमेश्वर वनखात्याकडे, तिथली परवानगी त्यांचीच लागते. नांदूरला तर परवानगी मिळाली तरी मी उडवणार नाही. पाण्यावर बसलेला थवा ड्रोनच्या घरघरीने एकदम उठतो, आणि तो उठलेला थवा फोटोत झकास दिसतो म्हणून लोक पुन्हा पुन्हा उठवतात. ते मला बघवत नाही.

एक छायाचित्रकार म्हणून सांगू? १२० मीटरवरून काढलेले माझे नव्वद टक्के फोटो मी पुसून टाकले. तिथून द्राक्षबाग म्हणजे नुसतं रेघांचं कापड. पंधरा-वीस मीटरवर या, मांडवाच्या तारा दिसतात, छाटणीच्या काड्यांचे ढीग दिसतात, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईची लांब सावली दिसते. मात्र तिला आधी विचारून.

मागून चिठ्ठी आली आहे. 'रामकुंडावरची संध्याकाळची गोदाआरती ड्रोनने घ्यायची तर किती उंची ठेवावी?'

ताई, शून्य. खाली माणसांची डोकी, दिवे, लहान मुलं, आणि पंख्यात अडकायला तारांची कमी नाही. सातच्या आधी होळकर पुलावर जा, कठड्याशी जागा धरा आणि ट्रायपॉड लावा. पुलावरून एसटी गेली की कठडा थरथरतो, तेवढी गाडी जाऊ द्या आणि मग बटण दाबा.