भर एका रात्रीचा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सांगलीकडं कुस्तीचं मैदान सुटलं तरी लोक घरी जात नाहीत. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून झालेल्या सगळ्या कुस्त्या पुन्हा लावतात. अमका पहिलवान तेव्हा भरात होता, तमका उतरणीला लागला होता, ही जोड दोन वर्षं आधी नेमली असती तर निकाल फिरला असता. मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, पण लहानाचा मोठा झालो ते याच बोलण्यात. त्यामुळं 'भर' हा शब्द मला फार जवळचा वाटतो. अंगात ताकद आहे, दमसास आहे, डाव डोक्यात यायच्या आधी हातात येतोय, अशी वर्षं प्रत्येक खेळाडूला मिळतात. कुणाला पाच मिळतात, कुणाला दोन.

माझ्याकडं येणारी पोरं मोबाईलवर जुन्या लढती बघतात आणि मग सराव संपला की माझ्याभोवती गोळा होतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा, की ऐन भरातला मोहम्मद अली मोठा की ऐन भरातला जो फ्रेझर? आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. फ्रेझरनं अलीला १९७१ साली हरवलं, मग परतीची लढत व्हायला १९७४ का उजाडलं? सर, फ्रेझर घाबरला का?

या दुसऱ्या प्रश्नानं मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

आधी फ्रेझर कोण, ते सांगतो. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात ब्युफर्ट नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याचं हे पोर. घरात ठोशांच्या सरावाची बॅग घ्यायला पैसे नव्हते. त्यानं एका पोत्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडं आणि मधोमध वीट भरली, पोतं झाडाला टांगलं आणि ठोसे मारत बसला. लहानपणी एक डुक्कर मागं लागलं, पळता पळता तो पडला आणि डावा हात दुखावला. डॉक्टरकडं न्यायची ऐपत नव्हती. तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झालाच नाही. कोपरात वाकलेलाच राहिला. श्रोतेहो, ज्या डाव्या हुकनं, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं, पुढं भल्याभल्यांना आडवं केलं, तो हुक त्या वाकड्या हातातून निघायचा. माझी पोरं आरशासमोर उभी राहून हुकसाठी कोपर किती अंशात ठेवायचं ते घोटत असतात. त्याला ते कोपर दुखण्यानंच घडवून दिलं होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तो मूळ निवडीत हरला होता. ज्यानं हरवलं तो बस्टर मॅथिस जखमी झाला म्हणून याला पाठवलं, आणि हा डाव्या अंगठ्याचं हाड मोडलेलं असताना अंतिम लढत जिंकून सोनं घेऊन आला.

आता अलीचा भर. माझं मत ठाम आहे. तो १९६६ मध्ये होता. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सशी त्याची लढत झाली, ती जरूर बघा. चोवीस वर्षांचा तो पोरगा, हेवीवेट अंगाचा, पण पायांची चाल हलक्या वजनाच्या मुलासारखी. तिसऱ्या फेरीत लढत थांबवावी लागली. त्यानंतर तो फक्त दोनदा लढला, शेवटची लढत २२ मार्च १९६७ ला. एप्रिलमध्ये त्यानं व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपदाचा किताब गेला, बॉक्सिंगचा परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि अपील चालू असेपर्यंत तो बाहेर राहिला. पुन्हा रिंगमध्ये उतरला तो २६ ऑक्टोबर १९७० ला. तीन वर्षं सात महिने! पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची वर्षं. परत आला तेव्हा हात तेच होते, पाय ते नव्हते. आणि एक गोष्ट पोरांना माहीत नसते. त्या बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकणाऱ्यांत फ्रेझर होता. पुढं त्याच फ्रेझरला अली लोकांसमोर नको नको ते बोलला. गोरिला म्हणाला. अली मला फार मोठा वाटतो, तरी ही गोष्ट मला आजही टोचते.

आता ती रात्र. ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली एकतीस लढती जिंकलेला, फ्रेझर सव्वीस, आणि दोघांनाही हार ठाऊक नाही. प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर. पंधरा फेऱ्यांची लढत. फ्रेझर खाली वाकून, डोकं डोलवत, ठोसे खात आत शिरत राहिला. आपल्याकडं पट काढणारा मल्ल कसा मार खात खात कमरेपाशी घुसतो, तसा. पंधराव्या फेरीत तो डावा हुक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. लगेच उठला, हेही सांगायला हवं, पण निकाल फ्रेझरचा. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर.

मी म्हणतो, फ्रेझरचा भर हा त्याच रात्री होता आणि त्याच रात्री संपला. जिंकलेला माणूस दवाखान्यात कितीतरी दिवस पडून होता. आतून जे खर्ची पडलं ते परत आलं नाही. त्याची लढायची पद्धतच तशी होती. तीन ठोसे खायचे तेव्हा एक द्यायचा. असा मल्ल लवकर झिजतो. त्यामुळं 'ऐन भरातला अली की ऐन भरातला फ्रेझर' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की १९६६ चा अली त्याला जड गेला असता. पण १९७१ च्या फ्रेझरपुढं १९७१ चा अली हरला, आणि समोर आलेल्याशीच लढावं लागतं. हे दोन भर कॅलेंडरात कधी भेटलेच नाहीत.

मग परतीची लढत का लांबली? जून १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अलीची शिक्षा रद्द केली, म्हणजे तुरुंगाची टांगती तलवार गेली. अली मोकळा झाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाशी ना कुणाशी लढत सुटला. टोकियोत लढला, डब्लिनमध्ये लढला. फ्रेझरचं शरीर मात्र अजून सावरत होतं. किताब त्याच्याकडं, घाई करायचं कारण नाही. १९७२ मध्ये त्यानं दोनच लढती घेतल्या, टेरी डॅनियल्स आणि रॉन स्टँडर. दोन्ही हलक्या. या वर्षाबद्दल त्याला दोष द्यायचा तर द्या, मीही थोडा देतो. पण मग त्यानं कुणाशी जोड घेतली? ज्याच्या ठोशाला सगळे बिचकायचे त्या जॉर्ज फोरमनशी! २२ जानेवारी १९७३, जमैकातलं किंग्स्टन. दोन फेऱ्यांत सहा वेळा फ्रेझर खाली गेला आणि सहाही वेळा उठला. फोरमनसमोर उभा राहणारा माणूस घाबरट असतो का? त्या दिवशी किताब गेला. मार्चमध्ये केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला. म्हणजे दोघंही आता हरलेले, दोघांच्याही हातात किताब नाही. अली-फ्रेझरची ती परतीची लढत झाली तेव्हा २८ जानेवारी १९७४ उजाडलं होतं. दोन वर्षं, दहा महिने, वीस दिवस. बारा फेऱ्या, अली गुणांवर जिंकला. ठोसे मारायचे आणि मानेवर हात टाकून फ्रेझरला जवळ ओढून धरायचं, रात्रभर हेच चाललं.

उशिराचा हिशेब कुणाच्या अंगावर पडतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याकडं दोन पोरं होती, एक मिरजेचा, एक तासगावकडचा. जुलै २०१९ मध्ये दोघांची लढत लावली. तासगावचा जिंकला, अगदी थोडक्यात. मिरजेच्यानं ग्लोव्हज काढायच्या आधीच विचारलं, "सर, परत कधी?" म्हटलं, ऑगस्टच्या शेवटी घेऊ. ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही खोली उघडली तर चटया गाळाखाली, बॅग छतापर्यंत ओली. ग्लोव्हज पिळले तर आतून काळं पाणी यायचं. त्या दोघांनीच ते गच्चीवर ओळीनं वाळत घातले, एकमेकांशी फारसं न बोलता. वाळले, पण आतला फोम गाठी गाठी झाला होता, कुणाच्या तोंडावर मारायच्या लायकीचा राहिला नव्हता. नवे जमवेपर्यंत वर्ष सरलं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. आम्ही पुन्हा दार उघडलं तेव्हा मिरजेचा पोरगा चार बोटं उंच झाला होता, दोन वजनगट वर गेला होता. आता त्यांची जोड लागूच शकत नव्हती. नियमात बसत नव्हती.

आणि घाईही तितकीच वाईट. शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती खेळून उतरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं. मधली विश्रांती मागायला आपला अधिकारी तिथं हजर नव्हता. तरी कांस्य आणलं. १९५६ ला गुडघ्यानं दगा दिला आणि ती संधी गेली ती गेलीच. खाशाबांची आठवण निघाली की मला घड्याळाचा राग येतो.

अली-फ्रेझरची तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाजवळ झाली. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू होता, हे त्यानं पुढं स्वतः सांगितलं. उजवा डोळा अलीच्या ठोशांनी सुजून मिटला. चौदावी फेरी संपली तेव्हा त्याला समोरून येणारा हात दिसत नव्हता, तरी तो पंधराव्या फेरीसाठी उठायला निघाला. त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला खाली बसवलं आणि लढत थांबवली. शिष्याला बसवणं किती अवघड असतं, ते कोपऱ्यात उभ्या राहिलेल्यालाच कळतं.

माझा मिरजेचा पोरगा आता फौजेत आहे. तासगावचा बापाच्या द्राक्षबागेत असतो. हंगामात टेम्पो घेऊन सांगलीला आला की पाच मिनिटं माझ्याकडं थांबतो, बॅगेला दोन ठोसे मारतो आणि निघताना विचारतो, "सर, तो सुट्टीवर आला होता का?"

नमस्कार.