न्यूग्रेंजसमोरची मोकळी जागा

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

मंडळाने मला विषय दिलाय ‘मीथ काउंटीतली पाहण्यासारखी ठिकाणं’. उन्हाळ्यात आपल्यापैकी निम्म्या घरांत आईवडील नाहीतर सासूसासरे आलेले असतात, आणि त्यांना डब्लिनच्या बाहेर कुठे न्यायचं हा प्रश्न असतो. ठिकाणं मी सांगणारच आहे. त्याआधी मनात बरीच वर्षं घोळणारी एक गोष्ट बोलते. जुनी वास्तू म्हणजे नुसते तिचे दगड नव्हेत. तिच्यासमोरचं रिकामं, तिथून दिसणारी टेकडी, आकाशाची कडा, हेही तिचंच बांधकाम असतं. मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दगड आणि काँक्रीट यांवर माझं पोट आहे, तरीही मी हे म्हणते.

सासूबाई इथे पहिल्यांदा आल्या तेव्हाचं सांगते. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. आम्ही एका दिवसाच्या बससहलीचं बुकिंग केलं. कार्यक्रमपत्रिकेत पाच ठिकाणं, आणि न्यूग्रेंजचं, म्हणजे मातीच्या टेकाडाखालच्या प्राचीन दगडी थडग्याचं, नाव ठळक अक्षरांत. सकाळपासून पावसाची भुरभुर. ताराच्या टेकडीवर वीस मिनिटं, एका मठाच्या पडक्या भिंतींपाशी पंधरा. मग बस एका अरुंद रस्त्याच्या कडेला थांबली आणि आम्हाला सांगण्यात आलं, ‘ते पाहा न्यूग्रेंज, फोटो काढून घ्या.’ आत जायचं तिकीट सहलीत नव्हतंच! सासूबाई कुंपणाच्या झुडपांपाशी टाचा उंचावून उभ्या, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. दूर हिरव्या टेकाडावर पांढरी भिंत दिसत होती. त्या म्हणाल्या, ‘छान आहे गं, नवीनच बांधलेलं दिसतंय.’

त्या वेळी मला त्या सहलवाल्यांचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही. नंतर लक्षात आलं, सासूबाईंनी अगदी बरोबर ओळखलं होतं. ती पांढरी भिंत या रूपात खरोखरच विसाव्या शतकातली आहे. प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी १९६२ ते १९७५ इथे उत्खनन केलं. दर्शनी बाजूला त्यांना पांढऱ्या गारगोटीचा खच सापडला. ही गारगोटी दक्षिणेकडच्या विकलो डोंगरांतून आणलेली. ती मुळात उभी भिंत असावी आणि कोसळली असावी, असं त्यांनी मांडलं आणि पाठीमागे सळयांच्या काँक्रीटचा आधार देऊन भिंत उभी केली. पुष्कळ पुरातत्त्वज्ञांना ते पटलेलं नाही. जवळच नाउथ आहे, तिथे जॉर्ज ओगन यांनी अशीच गारगोटी सापडल्यावर ती जमिनीवरच पसरलेली ठेवली. एकाच नदीकाठी, एकाच काळातल्या दोन टेकाडांची दोन उत्तरं. मला विचाराल तर माझं मत ओगन यांच्या बाजूने आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांकडे सळया नव्हत्या, आणि सळयांशिवाय इतकी उभी भिंत मातीचा रेटा फार काळ सोसणार नाही.

पुढच्या खेपेला आम्ही आमचे आम्ही गेलो. बॉइन नदीच्या दक्षिण काठावर ब्रू ना बोन्याचं, म्हणजे न्यूग्रेंज-नाउथच्या या सगळ्या परिसराचं, अभ्यागत केंद्र आहे. गाडी तिथेच ठेवायची, पुलावरून नदी पायी ओलांडायची आणि पुढे त्यांच्या छोट्या बसने जायचं. ही पायपीट कशाला, म्हणून लोक कुरकुरतात. मला ही व्यवस्था फार आवडते. तिच्यामुळे टेकाडासमोर मोटारींचा तळ नाही, खाऊची दुकानं नाहीत. दारात उभं राहून वळलं की समोर कुरण, खाली नदी आणि पलीकडे एक साधी टेकडी. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. ‘समोर तर काहीच नाही,’ त्या म्हणाल्या.

हिवाळ्यात सगळ्यांत लहान दिवशी सूर्य त्याच टेकडीवरून उगवतो. न्यूग्रेंज इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० सालचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर, पायाशी ९७ मोठे दगड, आणि आत जाणारी दगडी बोळ १९ मीटर लांब. ही बोळ चढती आहे. गाभाऱ्याची जमीन प्रवेशद्वारापेक्षा जवळजवळ दोन मीटर वर आहे, त्यामुळे दारातून शिरलेलं ऊन वाटेतच जमिनीला टेकतं आणि मागे राहतं. म्हणून बांधणाऱ्यांनी दाराच्या वर एक वेगळी झरोक्याची खिडकी ठेवली, बरोबर गाभाऱ्याच्या जमिनीच्या पातळीला. सूर्याचा पहिला किरण त्या झरोक्यातून शिरतो आणि बोळीतून सरपटत आत जातो. उजेड आत सतरा मिनिटं राहतो. पृथ्वीच्या आसाचा कल पाच हजार वर्षांत थोडा बदलला आहे, म्हणून आज किरण सूर्योदयानंतर चार मिनिटांनी येतो. बांधलं तेव्हा तो सूर्योदयालाच येत होता.

सूर्याचं ऊन कधीतरी आतल्या तिहेरी सर्पिलाच्या दगडापर्यंत पोचतं, असं आसपासचे लोक सांगत असत. ओकेलींनी ते ऐकून सोडून दिलं नाही. २१ डिसेंबर १९६७ रोजी ते पहाटे एकटे आत जाऊन बसले आणि गाभारा उजळताना त्यांनी पाहिला. मधल्या काळात ही गोष्ट लोकांच्या तोंडी कशी टिकली, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि छत! मंडळी, आपल्यापैकी कुणाच्या इमारतीत गळती नाही, त्यांनी हात वर करा. बघा, दोनच हात. तिथे दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत सहा मीटर उंच घुमट केलाय, चुना नाही, काही नाही. बोळीच्या छपराच्या दगडांवर पाणी बाजूला नेणाऱ्या पन्हळी कोरल्या आहेत, आणि सांधे समुद्राची वाळू व जळकी माती भरून बंद केलेत. त्याच जळक्या मातीवरून या वास्तूचं वय ठरवता आलं. पाच हजार वर्षं झाली, आयर्लंडचा पाऊस पडतो आहे, आणि गाभारा कोरडा आहे.

आत नेल्यावर मार्गदर्शक दिवे बंद करतात आणि बोळीतून एक दिवा सोडून किरण कसा येतो ते दाखवतात. काळोख झाल्याबरोबर माझा सात वर्षांचा भाचा मोठ्याने ओरडला, ‘मामी, लाइट गेली!’ सगळे शांत होते. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, तो काय म्हणाला? मी सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्याला सांगा, आत्ता येईल.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव तुम्हाला ठाऊकच आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, एक दिवस चरणांपर्यंत, मग वर वर मुखापर्यंत. आणि वाटेत उभ्या राहिलेल्या बांधकामांमुळे ते अडतात, ही दर वर्षीची बातमी. मंदिराचा एक दगडही न हलवता मंदिराचं एक अंग मोडता येतं. मी म्हणते ते हेच.

ताराला तेच झालं. आयर्लंडच्या राजांची ही टेकडी, लिया फॉल हा राज्याभिषेकाचा दगड तिथे उभा आहे. १८९९ ते १९०२ या काळात काही मंडळींनी तिथे बायबलमधली कराराची पेटी पुरलेली आहे म्हणून खणाखणी केली. कवी येट्स आणि आयरिश राष्ट्रवादी चळवळीतले मॉड गॉन, आर्थर ग्रिफिथ यांनी विरोध केला. पण शंभर वर्षांनी टेकडीच्या पायथ्याच्या खोऱ्यातून एम-३ महामार्ग आला. लिसमलिन इथे २००७ साली लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं, ते राष्ट्रीय स्मारक ठरलं, त्याची नोंद झाली आणि त्याच्यावरून रस्ता गेला. २०१० पासून आपण सगळे त्याच रस्त्याने जातो, मीही जाते. जाताना मला वाईट वाटतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बाकीची ठिकाणं भराभर सांगते.

ट्रिमचा किल्ला: ह्यू डी लेसीचा, बाराव्या शतकातला, आयर्लंडमधला सर्वांत मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला. नदीच्या पलीकडच्या काठावरून पाहा, तिथून पूर्ण दिसतो. केल्स: गोल मनोरा आणि कोरीव क्रूस. तिथला प्रसिद्ध ग्रंथ, ‘बुक ऑफ केल्स’, मात्र डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजात आहे. ओल्डब्रिज: १६९०ची बॉइनची लढाई, मोठी बाग आहे, लहान मुलांना पळायला उत्तम. नाउथचं नाव आलंच आहे, तिथली दगडांवरची नक्षी चुकवू नका.

लॉकक्रू शेवटी ठेवलं, कारण तिथे गर्दी नसते. टेकडी चढावी लागते, वर वारा फार. तिथल्या एका थडग्यात हा उजेड विषुवदिनाला येतो, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये. आणि वरून चहूकडे नजर जाईल तिथपर्यंत मोकळं आहे.

न्यूग्रेंजच्या डिसेंबरमधल्या सकाळींसाठी सोडत निघते, अर्ज हजारोंनी येतात आणि जागा मोजक्या. नाव आलं तरी ढग असू शकतात. सासूबाई पुण्याहून दर वर्षी विचारतात, ‘माझं नाव घातलंस ना?’ या वर्षीचंही घातलंय.