वन्स मोअर कुणाच्या मर्जीचा?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘ऑपेरागृहं आणि त्यांचा ध्वनी’ असा छापलाय. तिकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक जुनं दुखणं काढायचंय, आणि संगीत नाटकांवर पोसलेले इतके श्रोते मला पुन्हा एकत्र कुठे सापडणार? दुखणं असं की वन्स मोअर संपला.

मागे एका नाट्यगृहात (नाव घेत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय) जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग होता. पद रंगलं. मागच्या रांगेतून एका आजोबांनी खणखणीत ‘वन्स मोअर’ दिला. नटाने ऑर्गनवाल्याकडे पाहिलं, ऑर्गनवाल्याने विंगेत पाहिलं आणि विंगेतून व्यवस्थापकाने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. झालं! संवाद पुढे सुरू. आजोबा मध्यंतरात चहा न घेताच निघून गेले. बालगंधर्वांच्या काळी पहाट होईपर्यंत नाटक चालायचं, आणि इथे चार मिनिटांचा हिशोब.

आपला समज असा की युरोपात हे सगळं आधीपासूनच शिस्तीत, टाय बांधून. छे! १ मे १७८६ रोजी व्हिएन्नात मोझार्टचा ‘फिगारो’ हा ऑपेरा, म्हणजे त्यांचं संगीत नाटक, रंगभूमीवर आला. पहिल्याच काही प्रयोगांत लोकांनी इतके वन्स मोअर घेतले की सम्राट जोसेफ यांना हुकूम काढावा लागला: एकाहून अधिक गायकांचा कुठलाही तुकडा पुन्हा म्हणायचा नाही. म्हणजे एकट्याचं पद चालेल, दोघांचं चालणार नाही. सरकारी परिपत्रकाची भाषा तेव्हाही तीच. पुढे त्यांचा भाऊ लिओपोल्ड गादीवर आला. त्याला १७९२ मध्ये चिमारोझा या रचनाकाराचा एक ऑपेरा इतका आवडला की सगळ्या मंडळींना जेवू घातलं आणि त्याच रात्री अख्खा ऑपेरा पुन्हा करायला लावला. याला म्हणतात रसिक!

वन्स मोअर बंद पाडण्यात सगळ्यात मोठा हात तोस्कानिनीचा. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात तो वाद्यवृंदाचा संचालक होता. १९०३ मध्ये झेनातेल्लो नावाच्या टेनरला (म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाला) लोक वन्स मोअर मागत होते, तोस्कानिनी ऐकेना, लोकही ऐकेनात. शेवटी हा गृहस्थ चालू प्रयोग सोडून निघून गेला आणि काही वर्षं त्या थिएटरात वाजवायला आलाच नाही. त्या शिस्तीचा धाक असा बसला की १९३३ मध्ये शालियापिन या रशियन गायकाने एक पद पुन्हा म्हटलं, त्यानंतर ला स्कालात एकट्या गायकाचा वन्स मोअर झाला तो थेट २००७ मध्ये. हुआन दिएगो फ्लोरेस, पेरूचा टेनर. दोनिझेत्ती या रचनाकाराच्या एका पदात ‘हाय सी’, म्हणजे टेनरच्या गळ्याच्या अगदी वरच्या टोकाचा स्वर, नऊ वेळा घ्यावा लागतो. त्याने ते नऊ घेतले, लोक थांबेनात, त्याने आणखी नऊ घेतले. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी शाल घेऊन धावलं असतं.

आता पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराची गंमत सांगतो. ही थोडी लांबेल. तिसऱ्या अंकात नायकाला पहाटे गोळ्या घालणार असतात. तो ताऱ्यांची आठवण काढून एक जीवघेणं पद म्हणतो, आणि लगेच त्याची प्रेयसी तोस्का धावत येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये, व्हिएन्नाच्याच स्टेट ऑपेरात, योनास काउफमान या टेनरने हे पद असं म्हटलं की वन्स मोअर द्यावाच लागला. दिला. वाद्यवृंद पुढे सरकला, तोस्काच्या प्रवेशाचं संगीत वाजलं, आणि तोस्का आलीच नाही! रंगमंचावर हा एकटा. त्याने काय करावं? त्याच संगीतावर, इटालियनमध्ये गाऊन टाकलं, ‘आपल्याकडे सोप्रानोच नाही!’ सोप्रानो म्हणजे उंच पट्टीची गायिका, इथे तोस्का. अख्खं थिएटर हसत होतं. थोड्या वेळाने तोस्का झालेली अँजेला गेओर्गिउ आली आणि उरलेला प्रयोग पार पडला. तिला उशीर का झाला, ते तिलाच ठाऊक. पण २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला तेच नाटक, तेच पद, टेनर दुसरा. त्याने पद पुन्हा सुरू केल्यावर मात्र हीच बाई मध्येच रंगमंचावर आली आणि तिने जाहीर हरकत घेतली. हा नाट्यप्रयोग आहे, गाण्याची बैठक नव्हे, असं तिचं म्हणणं. लोकांनी शेवटी तिची हुर्यो उडवली. मंडळी, पद्धत वाईट होती, पण मुद्दा खोटा नव्हता. पाच मिनिटांत मरणारा माणूस तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून कसं मांडेल? आपल्याला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण आपण पात्राला वन्स मोअर देतच नव्हतो, गंधर्वांना देत होतो.

शिवाय रचनाकारांनी वन्स मोअरची जागाच मोडून टाकली. जुन्या ऑपेरात पद ठसठशीत संपायचं, मग टाळ्यांना मोकळीक. जर्मन रचनाकार वाग्नरने संगीत अखंड वाहतं ठेवलं. पुच्चिनीच्या ‘तुरान्दोत’मधलं ते जगप्रसिद्ध पद घ्या: मैफलीत ते दणक्यात संपतं, ऑपेरात संगीत न थांबता पुढे जातं. टाळ्या वाजवायच्या तर वाद्यांच्या अंगावरून वाजवा.

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं. तर ध्वनी.

ऑपेरागृहात गळ्याला माइक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३८०० माणसं बसतात, समोर अख्खा वाद्यवृंद, आणि तरी एकटा गळा ऐकू येतो. कसा? गळ्याचा अभ्यास करणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलं. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास असतो आणि वर कमी होत जातो. कमावलेल्या पुरुषी गळ्यात ३००० हर्ट्‌झच्या जवळ एक वेगळी धार तयार होते. ती धार वाद्यांच्या डोक्यावरून निघून जाते. बायकांच्या वरच्या पट्टीचं गणित निराळं आहे, ते आज राहू द्या.

दुसरं, इमारत. १७७८ चं ला स्काला घोड्याच्या नालेच्या आकाराचं, सज्ज्यांवर सज्जे, म्हणजे शेवटचा श्रोतासुद्धा फार लांब जात नाही. वाग्नरने १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात नेऊन वर छत घातलं. वाद्यं दिसत नाहीत, गळा बुडत नाही. खुर्च्या मात्र लाकडी, हातांना टेकू नाही. आणि सिडनी! जगातलं सगळ्यात जास्त फोटो निघालेलं ऑपेरागृह असेल. पण बांधता बांधता मोठं सभागृह मैफलींना दिलं गेलं, ऑपेरा धाकट्या सभागृहात ढकलला, आणि तिथला वाद्यवृंदाचा खड्डा अपुरा पडला.

माझा खरा मुद्दा एवढाच: वन्स मोअर मागणं म्हणजे त्या गळ्याकडून जास्तीचा खर्च मागणं. फ्लोरेसने दुसऱ्यांदा नऊ वेळा तो स्वर लावला तेव्हा त्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली, म्हणून त्या मागण्याला आणि त्या देण्याला अर्थ होता. आपण कानापाशी माइक चिकटवले आणि मग म्हणतो, वन्स मोअर का येत नाही. व्यवस्थापकाचं घड्याळ हे नंतरचं कारण.

मुंबईत चर्नी रोडला रॉयल ऑपेरा हाउस आहे. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, बालगंधर्व तिथे गायले, दीनानाथ गायले. १९९३ मध्ये बंद पडलं, २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा मूळच्या मुंबईच्या पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. तिथे एका संगीत नाटकाचा एक प्रयोग बिनमाइकचा व्हावा, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो. भाडं कुणी भरायचं, ते चिठ्ठी पाठवणाऱ्यांनी बघावं. नमस्कार.